टाके सुकल्यावर

माझ्या डाव्या हाताला गरम कळत नाही. स्पर्श कळतो. कापड रेशमी आहे की सुती, अस्तर नीट बसलंय की आत चुरगळलंय, हे बोटं बरोबर सांगतात. पण इस्त्री तापली आहे की नाही, चहाचा कप हातात धरवेल की नाही, आंघोळीचं पाणी कसं आहे, यातलं काहीच त्या हाताला समजत नाही. सुई टोचली तर काहीतरी लागलं एवढं कळतं, दुखत नाही.

भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या बाजूला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत बाहीला इस्त्री करताना करपल्याचा वास आला. गिऱ्हाइकाचं कापड जळलं की काय म्हणून घाबरून बघितलं, तर कापड ठीक होतं. माझ्या करंगळीखालची कातडी इस्त्रीला टेकली होती. तोवर खोकला आला की डोक्याच्या मागे जी कळ यायची तिला घरात सगळे पित्त म्हणायचे, आणि मान दुखायला शिलाई मशीन हे कारण होतंच. न दुखता भाजलेला हात पाहून मात्र आमच्या डॉक्टरांनी सरळ मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एमआरआयमध्ये कियारी मालफॉर्मेशन निघालं आणि त्याच्या जोडीला मज्जारज्जूत पाण्याची पोकळी, म्हणजे सिरिंक्स. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात डिकम्प्रेशनचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. खोकल्याची ती कळ गेली. हात मात्र आहे तसाच आहे.

“ऑपरेशन चांगलं झालं म्हणतेस, मग हात अजून असा कसा गं?” आमच्या मोठ्या जाऊबाई विचारतात. त्या मायेनेच विचारतात. शेजारच्या, दुकानात येणाऱ्या, गावाकडच्या, सगळ्यांचा हाच प्रश्न असतो. आजारी माणूस स्वतःलाही रात्री हेच विचारतो आणि मग आपलं ऑपरेशन फसलं असं ठरवून मोकळा होतो. ते तसं नसतं, हे मला सांगायचं आहे, आणि त्यासाठी आत नेमकं काय बिघडतं ते आधी सांगायला हवं.

लहान मेंदू कवटीच्या मागच्या बाजूला, तळाशी असतो. कवटीच्या तळाला एक मोठं छिद्र आहे. तिथून मज्जारज्जू मणक्यात उतरतो. लहान मेंदूच्या खालच्या टोकाला दोन छोटे गोलसर भाग असतात, त्यांना डॉक्टर टॉन्सिल म्हणतात. घशातल्या टॉन्सिलशी त्यांचा काही संबंध नाही. कियारीच्या पहिल्या प्रकारात हे टॉन्सिल त्या छिद्रातून खाली, मानेच्या भागात उतरलेले असतात. मोठ्या माणसात ५ मिलिमीटर किंवा त्याहून खाली आले असतील तर साधारणपणे कियारी म्हणतात. प्रागच्या जर्मन विद्यापीठातले पॅथॉलॉजीचे प्राध्यापक हान्स कियारी यांनी १८९१ मध्ये याचं वर्णन छापलं. पहिल्या प्रकारासाठी त्यांनी सांगितलेली रुग्ण १७ वर्षांची मुलगी होती. ती विषमज्वराने गेली, आणि जिवंत असताना लहान मेंदूशी संबंधित काही तक्रार तिला नव्हती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रिपोर्टवरचे मिलिमीटर आणि माणसाला होणारा त्रास यांचा सरळ हिशेब नसतो, ऑपरेशनच्या आधीही नाही आणि नंतरही नाही.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पाण्यासारखा द्रव असतो, एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर. दिवसभरात तो ५०० मिलिलिटरच्या आसपास नव्याने तयार होतो आणि जुना शोषला जातो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो त्या छिद्रातून थोडा खाली, थोडा वर सरकतो. टॉन्सिल तिथे येऊन बसले की वाट अरुंद होते. खोकलं, शिंकलं, जोरात हसलं, शौचाला जोर केला की आतला दाब एकदम वाढतो, त्याला जायला जागा मिळत नाही आणि डोक्याच्या मागे कळ येते, काही सेकंद किंवा दोनचार मिनिटं. बऱ्याच जणांत हा अडलेला दाब वर्षानुवर्षं काम करत राहतो आणि मज्जारज्जूच्या आतच पाण्याची पोकळी तयार होते.

आता माझा हात. उष्णता आणि वेदना यांची खबर नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मधल्या भागातून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात आणि मग वर मेंदूकडे चढतात. बारीक स्पर्शाचे तंतू मागच्या बाजूने सरळ वर जातात. पोकळी मध्यात होते, म्हणून ओलांडून जाणारे तंतू आधी दुखावतात आणि मागचे वाचतात. त्यामुळे रेशीम कळतं पण इस्त्री कळत नाही. हे एका डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं, आणि त्या दिवशी माझी निम्मी भीती गेली. तोवर मला वाटायचं की हात हळूहळू मरतोय.

ऑपरेशनमध्ये डोक्याच्या मागे मध्यभागी चीर देतात, मानेचे स्नायू बाजूला करतात, छिद्राच्या कडेचं थोडं हाड काढतात आणि मानेच्या पहिल्या मणक्याची मागची कमान काढतात. बहुतेक वेळा त्याखालचं जाड आवरण, ड्युरा, उघडून त्यात एक तुकडा शिवतात. ब्लाउज घट्ट झाला आणि आत शिवणीत सोडलेलं कापडच शिल्लक नसलं, तर मी कुशीत पट्टी जोडून तो सैल करते. हेही तसंच. ती पट्टी रुग्णाच्याच डोक्यावरच्या पातळ आवरणाची असते, जनावराच्या आवरणापासून केलेली असते किंवा कृत्रिम असते. पट्टी लागली की पाण्याला वाट मिळते.

म्हणजे ऑपरेशनने जागा होते, दाब उतरतो, नुकसान पुढे वाढायचं थांबतं. जे तंतू आधीच गेले, ते त्याने परत येत नाहीत. म्हणून खोकल्याची कळ सगळ्यात चांगली सुधारते, कारण ती दाबाची तक्रार आहे. हाताचा बधिरपणा, जळजळ, मुंग्या, गरम-थंड न कळणं हे सगळ्यात कमी सुधारतं, कारण ती तंतूंची तक्रार आहे. चक्कर, कानातला आवाज, तोल जाणं हे मधे कुठेतरी. कुणाचं जातं, कुणाचं उरतं. पोकळी आक्रसायला काही महिने, कधी वर्षंही लागतात, आणि ती आक्रसली तरी हात पूर्ववत होईलच असं नाही. ऑपरेशन आणखी बिघाड होऊ नये म्हणून आहे, हे वाक्य डॉक्टर ऑपरेशनच्या आधी बोलतात. पण तेव्हा आपल्या कानात फक्त ‘ऑपरेशन’ हा शब्द घुमत असतो. म्हणून त्या भेटीला घरातलं दुसरं कुणीतरी वही घेऊन सोबत असावं.

काही त्रास मात्र आजाराचे नसतातच, ऑपरेशनचे असतात. डोक्याच्या मागची कातडी बधिर होते. केस विंचरताना फणी दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावरून फिरतेय असं वाटतं, कारण चीर देताना कातडीच्या बारीक नसा कापल्या किंवा ताणल्या जातात. या नसा मज्जारज्जूच्या बाहेरच्या आहेत आणि बाहेरच्या नसा वाढू शकतात, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणून काही महिन्यांनी तिथे मुंग्या येतात, खाज सुटते, मधेच झटका बसल्यासारखं होतं. मी त्या खाजेने घाबरून गेले होते. ती बहुतेक वेळा नस परत येत असल्याची खूण असते. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत घामाने जखमेची जागा चुरचुरते हा त्रास वेगळा. तिथे सुती पातळ कापड, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत तेल नाही.

मानेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त दिवस तीच त्रास देते. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते तोलणारे स्नायू ऑपरेशनमध्ये हाडावरून सोडवून पुन्हा शिवलेले असतात. ते आखडतात. सकाळी उठल्यावर मान लाकडासारखी, संध्याकाळी डोक्याच्या मागून कपाळाकडे चढणारं दुखणं. खोकल्याची कळ आणि हे दुखणं यांतला फरक ओळखायला शिकावं. कळ एकदम येते आणि जाते. स्नायूंचं दुखणं दिवसभराच्या कामाबरोबर वाढतं आणि पाठ टेकली की उतरतं. गळपट्टा डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस लावायचा, कारण जास्त दिवस लावला की स्नायू आणखी दुबळे होतात. फिजिओथेरपीतही झटक्याने काही करायचं नसतं. मला आधी फक्त खांदे वर-खाली, मग हनुवटी किंचित आत ओढून धरणं, मग तळहात कपाळाला लावून मान न हलवता दाब देणं, असं पायरीपायरीने शिकवलं. मान कडकड मोडून घेणं, न्हाव्याकडची मालीश, ‘हाडं बसवणारा’ माणूस, हे कियारीवाल्याने कायमचं वर्ज्य करावं. तिथला एक मणका आता पूर्वीसारखा नाही.

मशीनवर मी अशी बसते: स्टूल उंच नाही, मशीनच उंच. आमच्या यांनी टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठोकून दिले, म्हणजे काम डोळ्यांकडे येतं आणि मान खाली जात नाही. कापड बेततानाही जमिनीवर बसत नाही, उभ्याने टेबलावर बेतते. पोळ्या लाटताना ओट्यावर पाट ठेवून त्यावर पोळपाट. मोबाइल पुस्तक धरतात तसा डोळ्यांसमोर. ब्लाउज पूर्वीपेक्षा कमी होतात, आणि मी गिऱ्हाइकांना तारीखही लांबची देते.

हाताची व्यवस्था वेगळी लावावी लागली. इस्त्री नेहमी उजव्या हातात, आणि डावा हात टेबलाच्या कडेला, कापडावर नाही. दुकानात इस्त्रीचं टेबल त्यासाठी उलट्या बाजूला फिरवलं. आंघोळीचं पाणी उजव्या हाताच्या कोपराने बघायचं. गॅसवरचं भांडं सांडशीशिवाय उचलायचं नाही, ते थंड आहे अशी खात्री असली तरी नाही. आमच्या भाईंदरच्या कारखान्यांतली स्टीलची भांडी घरोघरी आहेत, आणि स्टीलची वाटी बघून गरम आहे की गार हे कुणालाच कळत नाही. रोज रात्री उजेडात दोन्ही हात उलटेसुलटे बघायचे: कुठे कापलंय, फोड आलाय, सुईचं टोक राहिलंय. मधुमेही माणसाला पाय बघायला सांगतात त्यामागेही हेच कारण आहे. वेदना राखण करत नसेल तर डोळ्यांनी करावी लागते.

वजन उचलणं हा मीरा-भाईंदरमध्ये फार खरा प्रश्न आहे, कारण इथे पाण्याच्या वेळा असतात आणि पाणी भरणं हे बहुतेक घरी बाईचं काम असतं. भरलेली बादली उचलताना आपण नकळत श्वास रोखून जोर करतो आणि डोक्यातला दाब वाढतो. ऑपरेशननंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बादली, गॅस सिलिंडर, पिठाचा डबा, नातवंडं, कशालाही हात लावू नये. आमच्याकडे नळाला लांब पाइप लावला आणि पिंप मुलगा भरतो. बद्धकोष्ठाचंही तेच. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट घट्ट होतं, मग जोर केला जातो. इसबगोल, पपई, भरपूर पाणी यांची सुरुवात पहिल्या दिवसापासून असावी. शिंक दाबू नये, तोंड उघडं ठेवून येऊ द्यावी.

प्रवासाचं थोडक्यात. रिक्षात मागच्या सीटच्या मधोमध बसायचं, मानेमागे गुंडाळलेला टॉवेल, आणि रिक्षावाल्याला आधीच सांगायचं, “दादा, मानेचं ऑपरेशन झालंय, गतिरोधकावर हळू घ्या.” आजवर कुणी नाही म्हटलं नाही. तपासणीला मुंबईला जाताना विरारहून भरून आलेल्या गाडीत चढायचं नाही. भाईंदरहूनच सुटणारी लोकल, गर्दी ओसरल्यानंतरची.

औषधांत एक सापळा आहे. डोकं दुखतंय म्हणून गोळी, उद्या पुन्हा गोळी, असं महिनोन्‌महिने चाललं की गोळीच डोकेदुखी वाढवते. साधी पॅरासिटामॉलसारखी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र किंवा जहाल गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर गेलं की हा धोका उभा राहतो. माझ्या दुकानातल्या कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या तारखेला मी खूण करते. तंतूंच्या जळजळीला साध्या वेदनाशामकाचा उपयोग फारसा होत नाही. तिला गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं असतात. ती डॉक्टर हळूहळू चढवतात. त्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं, आणि ती मनाने एकदम बंद करायची नसतात.

काही लक्षणं मात्र ‘राहिलेला त्रास’ म्हणून सोडून द्यायची नाहीत. जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव येणं किंवा सकाळी उशी ओली सापडणं. टाक्यांखाली मऊ फुगा येणं आणि वाढणं. ताप, मान ताठ होणं, उजेड सहन न होणं. बसलं-उभं राहिलं की भयंकर डोकं दुखणं आणि आडवं झालं की थांबणं. सारखी उलटी, गुंगी. गिळताना ठसका, आवाज बदलणं, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटणं. हातापायात नवी अशक्तता, चालताना पाय ओढला जाणं, लघवीवरचा ताबा जाणं. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता, रात्र असली तरी, निघायचं. मुंबईचं रुग्णालय लांब वाटत असेल तर आधी जवळचं गाठावं. पण ऑपरेशनची फाइल दाराजवळ एका पिशवीत तयार असावी.

थकव्याबद्दल कुणी फार बोलत नाही. ऑपरेशननंतर कित्येक महिने दुपारी असा शीण येतो की हातातली कात्री खाली ठेवावी लागते. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, केस वाढून व्रण झाकला गेलेला असतो, आणि घरच्यांना वाटतं की आता ही सगळं करू शकेल. कुटुंबातल्या लोकांना माझी विनंती आहे की “अजून दुखतंय का?” असं विचारण्याऐवजी “आज काय जमेल?” असं विचारा. पहिल्या प्रश्नाला आम्ही लाजून “नाही” म्हणतो. आणि मन खचलं असेल, झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे. दीर्घ वेदनेसोबत नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत.

मध्यंतरी उत्तनहून येणारं माझं एक जुनं गिऱ्हाईक मुलीचा एमआरआय घेऊन आलं. रिपोर्टात कियारी लिहिलं होतं. एका डॉक्टरांनी डिकम्प्रेशन सांगितलं होतं, आणि कुणीतरी त्या बाईच्या डोक्यात भरवलं होतं की हाड काढायचं नसतं, स्क्रू घालायचे असतात. त्यामागे खरी चर्चा आहे आणि ती आपल्या मुंबईतूनच उभी राहिली. परळच्या केईएम रुग्णालयात मेंदू शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. अतुल गोयल यांनी मानेचे पहिले दोन मणके स्क्रू आणि प्लेटने जोडण्याची पद्धत विकसित केली, ती जगभर वापरली जाते. कियारीचं मूळ या दोन मणक्यांच्या अस्थिरपणात आहे, म्हणून जागा मोकळी करण्याऐवजी तो सांधा पक्का करावा, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांनी अशा ६५ रुग्णांचा अनुभव २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. जगातल्या अनेक शल्यचिकित्सकांना हे मत सरसकट मान्य नाही, आणि कियारीच्या पहिल्या प्रकारात जिथे मणके स्थिर आहेत तिथे डिकम्प्रेशनच सर्वाधिक केलं जातं. स्क्रू की पट्टी, हे मी ठरवू शकत नाही.

काय विचारायचं ते मात्र मी तिला सांगितलं. मुलीला खोकताना कळ येते का, की फक्त रिपोर्टात आजार आहे, ते आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मज्जारज्जूत पोकळी आहे का, म्हणून पूर्ण मणक्याचा एमआरआय लागेल का, ते विचारा. मान पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेत मणके हलतात का, तेही विचारा. तिच्या आजच्या तक्रारी एकेक करून वाचून दाखवा, आणि त्यातल्या कुठल्या जातील, कुठल्या उरतील असं डॉक्टरांना वाटतं, ते प्रत्येकीसमोर लिहून घ्या. तो कागद जपून ठेवा, वर्षभराने लागतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच करू नका. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का ते विचारा. आणि पुढचे तीन महिने घरात पाणी कोण भरणार, स्वयंपाक कोण करणार, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ठरवून टाका.